हिरव्या फडक्याची जादू

लहान मुलं मला फारशी आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी हायस्कुलात गणित शिकवते. आठवी-नववीतली पोरं कितीही वांड असली तरी त्यांच्याकडे नुसतं रोखून बघितलं की वर्ग गप्प होतो. चार-पाच वर्षांच्या पोरांना ती नजर कळतच नाही. तरीही दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जमवून त्यांना जादू दाखवायची खोड मला लागली. लॉकडाऊनमध्ये फोनवर बघून बघून चार प्रयोग शिकले होते, आणि शिकलेलं कुणाला दाखवल्याशिवाय आम्हा मास्तर जातीला चैन पडत नाही.

पहिल्या वर्षी सगळं झकास झालं. पोरं तोंडं उघडी टाकून बघत राहिली आणि मी महिनाभर नाक वर करून हिंडले. दुसऱ्या वर्षी मात्र करायला गेले गणपती आणि होत होता मारुती.

माझ्या जादूतली अर्धी करामत टेबलामागे असते. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारी चादर टाकायची, हातातली वस्तू हळूच मागे सोडून द्यायची आणि रिकामी मूठ फुंकून दाखवायची. पहिल्या वर्षी मागे पत्र्याचा डबा ठेवला होता, त्यात नाणं पडलं की खण्णकन आवाज व्हायचा. म्हणून या खेपेला मी जिन्याखालची वहिनींची बुट्टी आणून ठेवली. बांबूची ही टोपली वर्षभर चिंध्यांनी भरत असते. जुन्या साडीचा काठ, फाटका परकर, शर्टाची बाही, काहीही असो, वहिनी ते फेकत नाहीत. दिवाळीनंतर शेजारणी जमतात आणि त्या सगळ्याची वाकळ शिवतात. थंडीत वाकळ अंगावर घेतली की दुसऱ्या कशाची गरज पडत नाही. चिंध्यांवर वस्तू पडली की आवाज होत नाही, हे माझ्या डोक्यात आलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वहिनींना विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या दिवशी तेराएक पोरं आली. त्यात पलीकडच्या तिसऱ्या घरातली एक चार वर्षांची मुलगी होती. तिची आई नर्स. पावसाळ्यात तिला नागपूरला नोकरी लागली; तिथं राहायची सोय झाली की ती मुलीला नेणार होती, तोवर मुलगी आजीजवळ. पोरीच्या हातात कायम एक हिरवं फडकं असायचं, आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. आजी तिला सोडायला दारापर्यंत आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तेवढं फडकं संभाळा. आईच्या अंगाचा वास हाय त्येला. धुवू देत न्हाय. त्ये न्हाय घावलं तर पोरगी अन्नाला शिवत न्हाय, झोपत न्हाय."

"काळजी करू नका," मी म्हटलं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

कानातून नाणं काढलं, पत्ते ओळखले. मग माझा पांढरा रुमाल गायब करायला घेतला, तर पुढच्या रांगेतला एक टग्या ओरडला, "आत्या गंडवतीया! रुमालातच काय तरी गोम हाय!" मग बाकीची पोरं सुरू झाली. आमच्या गावात हळू बोलणं हा प्रकार मुळी कुणाला शिकवलेलाच नाही. "खोटा रुमाल हाय!" "दुसऱ्याचं कायतरी घ्या की!" मला राग आला. फळ्यासमोर वीस वर्षं उभी राहिलेली बाई मी, आणि दात पडलेली पोरं मला खोटी ठरवतात!

"द्या मग. कुणाचंही द्या," मी म्हटलं.

"माझं घ्या की. मी देतो," असं म्हणत (आमच्याकडं पोरीही 'देतो'च म्हणतात) ती मुलगी पुढं आली आणि तिनं फडकं माझ्या हातात दिलं.

तेव्हाच "नको" म्हणायचं होतं. पण पोरं बघत होती. मी फडकं मुठीत कोंबलं, हात टेबलाच्या कडेशी नेला, दुसऱ्या हातानं उगाच हवेत गोल काढले आणि मूठ उघडली. रिकामी. नुसता कल्ला. मघाचा टग्या तर उठून उभा राहिला. तिथंच फडकं परत काढून दिलं असतं तर भागलं असतं. पण मला चेव चढला. "थांबा, ते आता दूर गेलंय, यायला वेळ लागतो," असं म्हणत मी पोरांच्या मध्ये शिरले आणि एकेकाच्या कानातून नाणं काढत बसले. माझी पाठ टेबलाकडे होती. मागून वहिनी गेल्याचं ऐकू आलं, पण घरात वहिनी हिंडणारच, त्यात काय बघायचं?

टेबलामागे परत आले. पोरांनी मोठ्यानं एक, दोन, तीन म्हटलं. मी हात खाली घातला. बोटांना फरशी लागली.

बुट्टी नव्हतीच. समोर ती मुलगी दोन्ही तळहात पसरून उभी होती, शांत, अगदी खात्रीनं.

"सगळ्यांनी भडंग घ्या," मी कसंबसं म्हटलं, भडंगाचं पातेलंच पोरांच्या मध्ये ठेवलं आणि स्वयंपाकघरात धावले. वहिनी चहा गाळत होत्या. कोपऱ्यात बुट्टी रिकामी.

"वहिनी, चिंध्या कुठायत?"

"बादलीत घातल्या की, भिजवायला. उद्या बायका यायच्यात वाकळ घालायला. असल्या घाण चिंध्या पुढ्यात टाकायच्या व्हय त्यांच्या? आणि वन्सं, माझी बुट्टी तिकडं सोप्यात कशाला नेलती?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. न्हाणीत गेले तर नळाखाली बादली, बादलीत चिंध्यांचा ढीग, आणि नळ सताड उघडा. आमच्याकडं पाणी संध्याकाळी येतं. आलेलं कळावं म्हणून वहिनी नळ आधीच सोडून ठेवतात. नळातून हवा फुसफुसत होती. मी बादलीत हात घातला आणि तेवढ्यात नळ खाकरला. पाणी यायच्या आधी तो असाच खाकरतो. एका हातानं मी तोटी फिरवायला लागले, ती आधी उलटी फिरवली, मग सुलटी. दुसऱ्या हातानं तळापर्यंत ढवळलं. वरच्या एका परकराच्या तुकड्यावर गढूळ पाण्याचे चार थेंब पडले. नळ बंद झाला. हिरवं फडकं अगदी खाली होतं.

कोरडं. मी ते गालाला लावून बघितलं, पुन्हा बघितलं. कोरडं ठणठणीत! माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच न्हाणीच्या दगडावर बसले आणि चक्क रडायला लागले. बापाच्या तेराव्यालाही मी चारचौघांत रडले नव्हते. चार वर्षांच्या पोरीच्या फडक्यासाठी न्हाणीत बसून हुंदके देत होते आणि मला ते थांबवताही येत नव्हतं. इतकं हलकं वाटत होतं की हसूही येत होतं.

मान वर केली तर दारात ती उभी. भडंग न घेता माझ्यामागोमाग आली असणार.

आता काय थाप मारणार? जादू न्हाणीत होते असं सांगणार? मी फडकं पुढं केलं. "घे बाळ. माझ्या हातून हरवलं होतं. जादूबिदू काही नाही. खरंच हरवलं होतं."

तिनं ते घेतलं. एक टोक नाकाला लावलं, मग दुसरं, मग मधला भाग. आम्ही बोर्डाचे पेपरसुद्धा इतके बारकाईनं तपासत नाही. तपासणी संपली तशी तिनं मान हलवली.

"घावलं की मग," ती म्हणाली.

"घावलं," मी म्हटलं आणि मला पुन्हा रडू फुटलं.

ती जवळ आली, माझ्या मांडीवर एक हात टेकवला आणि दुसऱ्या हातानं त्या फडक्यानं माझे डोळे पुसायला लागली.

मी तिचा हात धरला. "अगं नको, नको! आईचा वास जाईल ना त्याचा."

"न्हाय जात," ती म्हणाली, आणि माझा दुसरा गाल पुसला.