रविवार आमचा आहे

"सिद्धूची बहीण कुठंय? बाहेर ये. तुझ्या भावानं करून ठेवलंय."

गणिताचा तास चालू होता. शाळेतली मावशी वर्गाच्या दारात उभी, नाकाला पदर लावून. मी सहावीत होते. फळ्यावरचं उदाहरण निम्मंच उतरवून झालं होतं. मी उठले. मागच्या बाकावरून कुणीतरी "ईऽऽ" केलं, मग सगळ्या वर्गानं केलं. सरांनी कुणाला गप्प केलं नाही. हातात खडू धरून ते मी बाहेर जायची वाट बघत राहिले.

सिद्धू माझा भाऊ. माझ्याहून दीड वर्षानं मोठा, पण शाळेत माझ्या मागं. जन्मताना त्याच्या मेंदूला हवा कमी पडली. पाय एकमेकांत अडकतात, हात वाकडे, बोलणं तुटक. समजतं मात्र सगळं. तेव्हाही समजायचं. शाळेच्या संडासात धरायला दांडी नव्हती आणि त्याला उकिडवं बसता यायचं नाही. म्हणून तो दिवसभर दाबून धरायचा. एखाद्या दिवशी नाही धरवायचं.

मी गेले तर मोठ्या बाई संडासाच्या बाहेर उभ्या. मला बघून त्यांनी बोटानं बादली दाखवली.

"त्याला धू. आणि फरशीपण पूस. तुमच्या लोकांना काय, सवय असते."

'तुमच्या लोकांना' म्हणजे कुणाला, हे मला अकराव्या वर्षी बरोबर कळलं. आमच्या वस्तीत विहार आहे, गल्लीच्या तोंडाला निळा झेंडा आहे. बाईंनी शाळेच्या दाखल्यावर आमचं आडनाव वाचलं होतं.

सिद्धू भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडं बघत नव्हता. "न... को," म्हणाला. "तू... न... को." तेरा वर्षांचा मुलगा. बहिणीनं धुवायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याची लाज कुणाला दिसली नाही. माझीही नाही. मी त्याला धुतलं. फरशी पुसली. वर्गात परत गेले तेव्हा माझ्या बाकावरची पोरगी सरकून दुसऱ्या बाकावर गेली होती.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा वाळूजला कंपनीत हेल्पर. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी बुडवून ते शाळेत गेले. ऑफिसच्या बाहेर उभे राहिले. बाई दोनदा बाहेर आल्या, दोनदा आत गेल्या. बाबा काही न बोलता परत आले. आईला म्हणाले, "बोललो असतो. पण पोराचं नाव काढलं तर? दुसरी कोणती शाळा घेती त्याला?"

तेव्हापासून तो नेमच झाला. मावशी दारात यायची, मी उठायची. त्याचा डबा भरवायला मी. त्याला जिन्यावरून खाली आणायला मी. तो रडला की मी. माझं नाव हजेरीपुरतं होतं. हजेरी संपली की मी सिद्धूची बहीण. सर, मावशी, रिक्षावाले काका, सगळ्यांना मी तेवढीच.

मी खो-खो चांगली खेळायची. खांबाजवळ वळताना कुणालाच मला गाठता यायचं नाही. आठवीत संघात निवड झाली. जिल्ह्याचे सामने होते. आईनं कुणाकडून तरी बूट आणून दिले, पुढं कापूस कोंबून घातले. सकाळी सगळा संघ टेम्पोत बसला. मीही बसले. तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या.

"तू कुठं निघालीस? याला दिवसभर कोण बघणार? उतर खाली."

मी उतरले. टेम्पो गेला. सिद्धू व्हरांड्यात बसला होता. त्यानं बाईंना एक शिवी दिली. बाकी शब्द त्याच्या तोंडात अडकतात, शिवी मात्र लख्ख येते. बाईंनी मला विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणाले, "पाणी मागतोय."

घरी तरी काय वेगळं होतं? आई गारखेड्यात लोकांकडं स्वयंपाक करायची. दमून यायची, सिद्धूचे पाय चोळायची आणि चोळता चोळता म्हणायची, "आमच्या माघारी त्याला तूच गं." माघारी म्हणजे काय हे कळायच्या आधीपासून मी हे ऐकतेय. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्या तेच म्हणायच्या. वर कौतुक करायच्या. "लई गुणाची पोरगी. कधी हट्ट नाय." मी हट्ट कधी करणार होते? हट्ट करायला कुणीतरी वळून बघावं लागतं.

मी शिकले. लॅबचा कोर्स केला. आता एका पॅथॉलॉजीत रक्त तपासायचं काम करते. दर शनिवारी सिद्धूला व्यायामाला थेरपीच्या ठिकाणी नेते. तिथंच इक्रा भेटली.

बाकावर बसली होती. नऊ-दहा वर्षांची. मांडीवर मोठी पिशवी. त्यात भावाचे कपडे, रुमाल, पाण्याची बाटली, डायपर. आई आत भावाजवळ. मी सहज विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"मैं अरमान की बहन."

"वो तो ठीक है. तेरा नाम?"

तिनं दाराकडं बघितलं. आईला विचारून सांगावं की काय, अशी बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इक्रा."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला तिची कीव आली नव्हती. राग आला होता. वीस वर्षं मला वाटत होतं की हे माझ्या एकटीच्या नशिबाचं आहे. त्या बाकावर कळलं, नशीब वगैरे काही नाही. ही लोकांनी लावून दिलेली सोय आहे. अपंग पोराची व्यवस्था कुणी करत नाही, कारण त्याच्या घरात एक चांगली चालणारी बहीण असते, फुकटची.

सिद्धूला सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "खे... ळव... त्यां... ना."

तसा रविवार सुरू झाला. फक्त भावंडांचा. ज्यांच्या घरात असा भाऊ किंवा बहीण आहे, त्या पोरांनी यायचं, आणि एकट्यानं यायचं. भावाला घरी ठेवून. दोन तास त्याला घरातल्या मोठ्यांनी बघायचं. पहिल्यांदा आयाच भांडायला आल्या. "दोन तास? मग इकडं कोण बघणार?" मी म्हणायची, "तुम्ही."

सिडकोत एका ट्रस्टचा हॉल होता, रविवारी रिकामा. ट्रस्टच्या मॅडम भल्या वाटल्या. "फार पवित्र काम करताय," म्हणाल्या आणि चावी दिली. पवित्र हा शब्द तेव्हाच खटकला होता. पण हॉल पाहिजे होता.

पोरं यायची. आल्यावर पहिलं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. मग खेळ. लंगडी, कॅरम, माती, रंग, मागच्या अंगणात खो-खो. सिल्लोडहून एक मुलगा बापाबरोबर एसटीनं यायचा. पहिले दोन रविवार तो कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या चपला लावत राहिला. रिकामं राहायची सवयच नव्हती त्याला. तिसऱ्या रविवारी चपला तशाच सोडून अंगणात पळाला.

शेवटी सगळी गोल करून बसायची. बोलायचं असेल तर बोलायचं. तो सिल्लोडचा मुलगा म्हणाला, "माझा वाढदिवस कुणाच्या ध्यानात ऱ्हात नाय. ताईला फिट आली की सगळेच दवाखान्यात." एकदा इक्रा म्हणाली, "कभी कभी लगता, अरमान नहीं होता तो अच्छा होता."

इक्रानं लगेच तोंडावर हात ठेवला. कुणीतरी रागवेल म्हणून वाट बघत बसली. कुणी रागावलं नाही. पलीकडची एक मुलगी म्हणाली, "मला पण वाटतं." मग आणखी एक. मग सगळी उठली आणि खेळायला गेली. पुढच्या रविवारी हीच इक्रा अरमाननं अब्बांच्या दाढीला केक कसा फासला ते नक्कल करून दाखवत होती. पोटातलं बोलून टाकल्यावर भाऊ तिला परत आवडायला लागला होता.

पण इक्राचं ते वाक्य मॅडमनी दारातून ऐकलं होतं. मला बोलावून म्हणाल्या, "हे काय शिकवता तुम्ही? संस्कार नकोत का मुलांवर? सेवा शिकवा त्यांना."

मी म्हणाले, "सेवा येती त्यांना. खेळता येत नाय."

त्या हसल्या. मला वाटलं, विषय संपला.

महिन्याभरानं एका रविवारी आम्ही हॉलवर गेलो तर दाराला झेंडूचं तोरण. आत स्टेज, खुर्च्या, फोटोवाला. भिंतीवर माझ्या फोटोचा फलक. खाली लिहिलेलं, 'त्यागमूर्ती ताई'. मला कुणी विचारलं नव्हतं. पोरांसाठी पिवळे टी-शर्ट, छातीवर 'सेवादूत'. पोरांना कुणी विचारलं नव्हतं. स्टेजवर ओळीनं बसवलेले त्यांचे भाऊ-बहिणी, गळ्यात हार घालून. मी पोरांना गोळा करायला बाहेर पडल्यावर ट्रस्टच्या गाड्या घरोघरी जाऊन त्यांना घेऊन आल्या होत्या. आयाबापांना सांगितलं होतं, सत्कार आहे. सगळ्यात कडेला सिद्धू. माझी आई पहिल्या रांगेत, नव्या साडीत.

प्रत्येकाच्या पायाशी पितळेचं ताट आणि तांब्या.

मॅडम माइकवर होत्या. "आज आपली ही चिमुकली भावंडं आपल्या दिव्यांग भावाबहिणींचे पाय धुतील. डोळ्यांत पाणी आणणारा सोहळा..."

इक्रानं माझा हात ओढला. "दीदी, आज खेल नहीं है क्या?"

एवढंच विचारलं तिनं. मी स्टेजवर चढले. मॅडमना वाटलं, मी सत्कार घ्यायला आले. त्यांनी शाल उलगडली. मी शालीच्या बाजूनं पुढं गेले आणि सिद्धूसमोर उभी राहिले.

"सिद्धू, तुला पाय धुवून पाहिजेत का?"

सिद्धूला बोलायला वेळ लागतो. सगळ्यांना थांबावं लागलं.

"ना... ही." मग जरा दम घेऊन, "च... हा."

पोरं खदखदून हसली. सिद्धूही हसला. मग त्यानं वाकडा हात वर नेला आणि गळ्यातला हार ओढायला लागला. हार कानात अडकला. एक कार्यकर्ता धावला. "राहू द्या," मी म्हणाले. सिद्धूनं स्वतःच्या हातानं हार काढला आणि ताटात टाकला.

मी माइक घेतला. भाषण येत नाही मला. मी म्हणाले, "आज रविवार आहे. ही पोरं खेळायला आलीत. ती कुणाचे पाय धुणार नाहीत. यांच्या भावांनी पाय पुढं केलेले नाहीत, तुम्ही केलेत. आणि मी त्याग केलेला नाय. माझ्याकडून काढून घेतलंय. काढून घेतलेल्याला त्याग म्हणू नका."

मॅडम माइकपासून तोंड बाजूला करून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांना डोक्यावर घेतलं की असंच होतं."

माइक माझ्या हातात होता. मी ते वाक्य जसंच्या तसं माइकवर म्हणून दाखवलं. सगळ्या हॉलनं ऐकलं. मग माइक टेबलावर ठेवला आणि पोरांना म्हणाले, "चला." टी-शर्ट खुर्च्यांवर पडले. सिद्धूची खुर्ची मी आणि इक्राच्या अब्बांनी मिळून खाली उतरवली. अब्बा स्वतःहून पुढं आले होते.

पुढच्या रविवारी हॉलला नवं कुलूप. काही आयाबापांनी पोरं पाठवायची बंद केली. ट्रस्टकडून खुर्ची, औषधं मिळायची, ती बंद झाली तर काय, ही भीती. मी त्यांना नावं ठेवत नाही. भीती खरी आहे. ती घालणारे खोटे आहेत.

आई माझ्याशी बोलेना. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता फुटली. "जन्मात एकदा लोकांनी मान दिला. तू लाथ मारलीस. उद्या आमच्या माघारी..."

मी तिला मधेच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"आई, तुमच्या माघारी काय ते सिद्धू आणि मी बसून ठरवू. तो मोठा माणूस आहे. त्याला आजपर्यंत कुणी विचारलंय का, तुला कुणाकडं राहायचंय? मला विचारलंय का? मी त्याची बहीण आहे. मी त्याला सोडणार नाय. पण तू मला त्याच्या नावावर लिहून देऊ नको."

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती स्वतःच्या ताटात घेतली. तिला पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या रविवारी मी निघाले तेव्हा तिनं सिद्धूला अंघोळ घातली आणि मला हाक मारली नाही.

आता आम्ही आमखास मैदानावर खेळतो. कडेला क्रिकेटवाले, मधे आम्ही. ऊन लागतं. संडास नाही, प्यायचं पाणी घरून न्यावं लागतं. गेल्या रविवारी मॅडमचा ड्रायव्हर आला. बिचारा लांब उभा राहिला, मग जवळ येऊन म्हणाला, "ताई, मॅडम म्हणल्या, एकदा येऊन सॉरी म्हणा अन् चावी घेऊन जा."

"त्यांना सांगा, चावी नको."

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

तो गेला. इक्रा पळत आली, घामानं चिंब. धापा टाकत म्हणाली, तिच्या शाळेत अजूनही मधल्या सुट्टीत तिला खेळू देत नाहीत, अरमानला भरवायला बसवतात. आणि तासातूनही उठवतात. तिच्या अम्मीनं दोनदा अर्ज दिला, सांगूनही बघितलं. मुख्याध्यापक म्हणतात, बहीण आहे की, मग मदतनीस कशाला पाहिजे?

मदतनीस कशाला पाहिजे ते मी सांगणार आहे. उद्या लॅबमधून सुट्टी घेतली आहे. इक्राची अम्मी येतेय, अब्बा येतायत, सिद्धू पण येतो म्हणाला. अर्ज करून झाले, विनंत्या करून झाल्या. उद्या आम्ही तिच्या शाळेच्या ऑफिसात खुर्च्या ओढून बसणार आहोत. अरमानला माणूस दिल्याशिवाय उठणार नाही. आणि इक्राला वर्गातून उठवायला जो कुणी येईल, त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल.