रुमालाबाहेरचा भाव

बानाबाई माझी थोरली जाऊ, मी तिला अक्का म्हणते. तिनं दिराचं नाक कापलं असं गावभर बोलतात ना, ते साफ झूट हाये. मी तिथं व्हते, मी सांगते.

आमच्या सोयगावकडं बोकडाचा भाव तोंडानं नाय करत. व्यापारी हातावर रुमाल टाकतो, विकणारा त्याच्याखाली हात घालतो, आन् दोघं बोटं दाबून ठरवतात. बाजूच्याला काय बी कळत नाय. आता परक्या गड्याच्या हातात बाईनं हात द्यायचा कसा? म्हणून थोरले दीर वारल्यापासून अक्काची बोकडं आमचे मालक विकायचे. लोक त्यांना मल्हारराव म्हणतात. रानोमाळ हिंडायचं अक्कानं, आन् हे येऊन सांगायचे, "बाजार पडलाय, वैनी." दर बाजारी पडलाच! कसला मेला बाजार तो! जमीन तिला नाय, ल्योक नाय. त्या कळपावरच तिची चूल.

यंदा तर हे म्हणाले, "कळपच मोडून टाकू. बाईमाणसाला झेपत नाय. उद्या व्यापारी आणतो." मला वाटलं, संपलं बाईचं.

तिची लेक सोनिया करमाडला दिलीये. रोज इंटरनेटवरून फोन लावते, चेहरा दिसतो, येगळा पैसा लागत नाय. त्या रात्री अक्कानं तिला इचारलं, "मी तुला दिसते, तर माझा बोकड गिऱ्हाइकाला नाय दिसायचा व्हय?" सोनियानं करमाडचा एक शेळीपालनवाला आन् शहरातले दोन व्यापारी एकाच फोनवर जोडायचं ठरवलं.

सकाळी अक्का कळप घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेली, रेंज तिथंच असती. फोन माझ्या हातात दिला. "रत्नमाला, नीट धर, हलू नको." मग एकेका बोकडाचा जबडा उघडून दात दाखवले, पाठ दाबून दाखवली, चालवून दाखवलं. तिघं गिऱ्हाईक एकमेकांचं ऐकत व्हते. एक भाव बोलला की दुसरा वर चढायचा, आन् ते बी मोठ्यानं! पाण्याला आलेल्या बाया हंडे तसेच ठेवून ऐकत उभ्या. मला लई आनंद झाला, लपवू कशाला?

तेवढ्यात मालक आले, मागं त्यांचा व्यापारी. "लाज हाये का, वैनी? बाजारात हात घालायला लागल्या!"

"हात कुठं घातला, भावजी? तोंडानं बोलते. सगळ्यांनी ऐकावं असं बोलते. तुमचा व्यापारी किती देतो, त्याला बी बोलू द्या की!"

व्यापाऱ्यानं सवयीनं रुमाल पुढं केला. मालकांनी हात उचलला, पण सगळ्या बाया त्या हाताकडंच बघायला लागल्या. हात तसाच अधांतरी राहिला.

"मावशी, ते आमच्यापेक्षा जादा देतात का?" करमाडवाल्यानं फोनमधून इचारलं.

"बोला ना!" अक्का व्यापाऱ्यावर खेकसली. त्यानं रुमाल खांद्यावर टाकला आन् गुमान चालू लागला. अक्काची बोकडं करमाडवाल्यानं घेतली. शेळ्या तिच्याच राहिल्या.

मालकांचा राग मग माझ्यावर निघाला. "ठेव तो फोन. घरी चल."

त्याच कळपात, माहेरानं मला दिलेल्या शेळीचा बोकड चरत व्हता. त्या शेळीची आधीची बोकडं बी ह्यांनीच रुमालाखाली विकली, आन् मी कधी भाव इचारला नाय.

"अक्का, आता तुमी धरा," मी म्हणलं आन् फोन तिच्या हातात दिला. बोकडाला कानाला धरून पुढं आणलं, त्याचा जबडा उघडला.

"ह्यो माझा हाये," मी फोनमधल्या गिऱ्हाइकांना म्हणलं. "बोला."