शुभाची मुंबईची जागा

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही. देवापाशीही नाही, कारण त्याला ते ठाऊक असणार या धाकानं मी देवळात फार वेळ थांबतच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? तुम्ही शुभाला ओळखत नाही, म्हणून सांगतोय.

शुभा माझी धाकटी बहीण. दातांची डॉक्टर आहे, नागपुरातच तिचा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. माझं गांधीबागेत ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. आमच्यात भांडण नाही, वाटणीची कुरकुर नाही. राखीला ती येते, दिवाळीला मी जातो. चार माणसांत बसली की ती हमखास म्हणते, ‘माझ्या शिक्षणासाठी दादानं लय धावपळ केली.’ हे ऐकलं की मी विषय बदलतो — क्रिकेट, उन्हाळा, मेट्रोचं काम, जे सापडेल ते.

मी भित्रा आहे, हे आधी सांगून टाकतो. कुत्र्याला भितो. इंजेक्शनला भितो. गिऱ्हाइकानं आवाज चढवला की भाव उतरवतो. घरचे हसतात, मीही हसतो. भित्रा माणूस म्हणजे बिचारा, त्याच्याकडून कुणाचं काय वाईट होणार — असंच वाटतं ना सगळ्यांना? मलाही वाटायचं.

पण सगळ्यात जास्त मी भ्यायचो ते बाबांच्या झटक्यांना. आई गेल्यानंतर वर्षभरात बाबा स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून त्यांना फिट यायला लागली. औषधं चालू होती, तरी यायचीच. बोलता बोलता डोळे वर जायचे, दात आवळायचे, अंग ताठ व्हायचं. घरात शुभा असायची. बारावीतली पोरगी — पण ती बाबांना कुशीवर वळवायची, चष्मा काढून घ्यायची, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवायची. शेजारची काकू कांदा घेऊन धावली की तिला दारातच अडवायची. सगळं थांबलं की बाबांचं तोंड पुसून म्हणायची, ‘झालं बाबा, झालं.’ आणि मी? मी त्या वेळी स्वयंपाकघरात असायचो. पाणी आणायला गेलेलो असायचो.

एकदा दुकानात झालं. भिवापूरचं एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं, मी अस्तराचं ठाण उलगडत होतो, आणि बाबा गादीवरून खाली कोसळले. मी ‘पाणी आणतो’ म्हणून बाहेर पडलो आणि पुढच्या गल्लीत एका बंद शटरपाशी जाऊन उभा राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. परत आलो तेव्हा त्या परक्या माणसानं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाणी कुठं आहे, असं कुणी विचारलं नाही. मी मात्र अनेक रात्री तेच पाहत राहिलो — घरात मी एकटा आहे, बाबांचे डोळे वर गेलेत आणि ओढणीची घडी करायला कुणी नाही.

त्याच वर्षी शुभाला डेंटलच्या दोन जागा मिळाल्या.

पहिली नागपूरची. गावाबाहेरचं खासगी कॉलेज, पैसे भरून पक्की केलेली. दुसरी नंतरच्या फेरीत आली — मुंबईचं सरकारी कॉलेज, जुनं, नावाजलेलं. तुम्ही म्हणाल, दात ते दात, इथं शिकले काय अन् तिथं शिकले काय. पण शुभाला नुसते दात भरायचे नव्हते. तिला जबड्याची सर्जन व्हायचं होतं. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंडाचं वाटोळं झालेली माणसं गल्लोगल्ली दिसतात. तिला तीच माणसं बरी करायची होती. मुंबईत अशा पेशंटची रीघ असते, तिथं हात लवकर बसतो, असं तिला तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. ती झोपेतसुद्धा मुंबई म्हणत असेल.

नियम साधा होता. मुंबई हवी असेल तर अमुक दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाइटवर होकार कळवायचा. नाही कळवला, तर मुंबईची जागा जाणार आणि नागपूरची राहणार.

घरात आठवडाभर तोच विषय. बाबा म्हणाले, ‘जाऊ दे तिले. मी काय लहान पोरगं आहो काय?’ शुभाच अडत होती, बाबांकडे बघून. आणि जा म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं? मी. ‘मी आहो ना इथं,’ असं म्हणालो. आणि लगेच पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. शेवटी तिनं ठरवलं. मुंबई.

शेवटच्या दिवशी सकाळी बाबांना मोठा झटका आला. दुपारपर्यंत ते ग्लानीत होते. घरी कॉम्प्युटर नव्हता, फोनवर ते पान धड उघडत नव्हतं. एकानं बाबांजवळ थांबायचं, एकानं नेट कॅफेत जायचं. थांबणार कोण, हा प्रश्नच आमच्या घरात कधी पडला नाही. शुभानं मला पासवर्ड दिला आणि म्हणाली, ‘दादा, मुंबईच करजो गा. पाचच्या आत.’

आता इथं माझा हात अडतो आहे. मघापासून मी बाबांचं सांगतोय, झटक्यांचं सांगतोय — म्हणजे तुम्ही मनातल्या मनात मला थोडं माफ करून ठेवावं. ही माझी जुनी सवय. तसं करू नका.

मी चारच्या आधी कॅफेत पोचलो होतो. कोपऱ्यातलं मशीन मिळालं. पासवर्ड टाकला, पान लगेच उघडलं. शुभाचं नाव, तिचा दोन वेण्यांचा फोटो, खाली मुंबईच्या कॉलेजचं नाव आणि त्याखाली होकाराचं बटण. एक क्लिक. मी माउसवर हात ठेवला आणि मला आमचं घर दिसलं — त्यात मी आणि बाबा, दोघंच. मी हात काढला. चहा मागवला. पुन्हा हात ठेवला, पुन्हा काढला. कॅफेवाला एकदा येऊन म्हणाला, ‘भाऊ, टाइम होऊन राहिला. काही अडलं काय?’ मी म्हणालो, नाही, पाहून राहिलो. नागपूरवरही मी बोट ठेवलं नाही, कशावरच ठेवलं नाही. मी फक्त बसून राहिलो. पाच वाजले, बटण फिकं झालं, आणि — हे लिहायला सगळ्यात कठीण — मला हायसं वाटलं.

घरी जाऊन सांगितलं, सर्व्हर डाऊन होता.

ती रागावेल, ओरडेल, पुन्हा पुन्हा खोदून विचारेल, या भीतीनं मी दारातच रडायला लागलो. ते रडणं खरं होतं, पण भीतीचं होतं. तिला वाटलं, दादा तिच्यासाठी रडतोय. ती क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली. मग आत गेली, ताट वाढून आणलं आणि म्हणाली, ‘तू कायले रडून राहिला गा? सर्व्हर काय तुह्या हातात होता? जेव आधी, सकाळपासून उपाशी आहेस.’ मी जेवलो. वरणभात आणि वांग्याची भाजी. सगळं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, तक्रार करू, मेल लिहू. कुणी तपासलं आणि उत्तर आलं, की वेबसाइट तर चालू होती — मग? मी म्हणालो, तू बाबांकडे बघ, मी लिहितो. नंतर सांगितलं, लिहिलं. मग सांगितलं, फोनही केला, कुणी दाद देत नाही. एक खोटं लपवायला किती खोटी लागतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ती मला थँक यू म्हणाली.

ती नागपूरच्या कॉलेजात शिकली. तिथं पेशंट कमी यायचे, मुलांनाच शोधून आणावे लागायचे. शुभा सुट्टीच्या दिवशी एसटीनं उमरेडला जायची, खाणीच्या वसाहतीत दारोदार फिरून किडक्या दातांची माणसं गोळा करायची. पुढं सर्जरीच्या शिक्षणासाठी तिनं दोनदा परीक्षा दिली. नंबर लागला नाही. तिसऱ्यांदा बसली नाही. मुंबईला गेली असती तर लागला असता का? कुणी सांगावं. तिचा दवाखाना चांगला चालतो, ती हसतमुख आहे — पण हे मी माझ्या बाजूनं धरायचं नाही, एवढं मला कळतं.

आणि बाबा? ती दुसऱ्या वर्षाला असताना गेले. झोपेत, शांतपणे. ना झटका, ना धावपळ. ज्या रात्रीच्या भीतीनं मी तिची जागा घालवली, ती रात्र आलीच नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते अगदी खरं. दरवर्षी ॲडमिशनचे दिवस आले की मी शुभाच्या दवाखान्याकडे फिरकत नाही. तिथं आईबाप मुलांना घेऊन सल्ला विचारायला येतात आणि ती प्रत्येकाला सांगते, ‘शेवटच्या दिवसावर ठेवू नका वं बाई, माझी मुंबईची सीट सर्व्हरनं खाल्ली.’ एकदा तिच्या बाकावर तो कॅफेवालाच बसलेला दिसला, गालाला रुमाल लावून. मी दुकान सोडून त्याची दाढ निघेपर्यंत तिथंच बसलो, त्यानं काही बोलायच्या आत मध्ये पडायला. तो मला ओळखतही नव्हता. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो गोटा कधी बसतो याची मी रोज वाट बघतो.

मागच्या वर्षी मला जेवण तिखट लागायला लागलं. भिवापुरी मिरचीचा ठेचा आवडीनं खाणारा मी, साध्या वरणानंसुद्धा तोंड पोळायचं. खर्रा मीही खायचो — गांधीबागेत कोण खात नाही? शुभानं खुर्चीवर बसवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि बोटं उभी धरून माप घेतलं. तीन जायला हवीत, दोनच गेली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं चट्ट्याचा तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि मला म्हणाली, ‘भिऊ नको गा दादा, मी आहो ना.’

रिपोर्ट येईपर्यंत मी काय विचार करत होतो, सांगू? मरणाचा नाही. मी म्हणत होतो, आता सांगून टाकावं. कॅन्सर झालेल्या भावाला कोण टाकून बोलणार? ती रडेल आणि माफ करेल, तिला दुसरं काही करताच येणार नाही. मी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. मग रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता, आणि जुळवलेली वाक्यं मी परत ठेवून दिली. दोन गोष्टींतून सुटलो, असं वाटलं मला.

तरी शुभाला चैन पडेना. तिच्या ओळखीचा एक मोठा सर्जन मुंबईला आहे, त्याला दाखवू म्हणाली. कुठं बसतो तो, हे मी विचारलं नाही. टॅक्सी थांबली तेव्हा कळलं.

तेच कॉलेज. फाटकातून पांढऱ्या ॲप्रनमधली मुलं-मुली आत-बाहेर करत होती, एकमेकांना हाका मारत होती. शुभा माझी फाइल छातीशी धरून उभी राहिली. तिनं ती इमारत पहिल्यांदाच पाहिली. मग माझ्या हातात फोन देऊन म्हणाली, ‘एक फोटो काढ गा माझा. बोर्ड आला पाहिजे.’ ती केस सारखे करून पाटीखाली उभी राहिली, ॲडमिशनला आलेल्या मुलीसारखी. मी फोटो काढला. बोर्ड आला. फोन परत घेताना ती फोटोकडे बघून थोडी हसली. काही विचारलं नाही.

मीच बोललो. ‘काय सर्व्हर होता वं तो शुभे. किती वेळा रिफ्रेश केलं मी त्या दिवशी.’

ती म्हणाली, ‘माहीत आहे गा दादा,’ आणि फाटकातून आत जाताना तिनं माझा हात धरला, मी घाबरू नये म्हणून.