सहा तासांत गेला, तीस तासांनी आला

जावयाची चौकशी सगळेच करतात. मी त्याच्या विमानाची केली.

भिवंडीजवळच्या वडप्याला तेव्हा माझे चार ट्रक होते. त्या धंद्यानं मला एकच विद्या शिकवली: ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं. जाताना भुर्रकन गेलेली गाडी येताना रखडली, की समजायचं, पठ्ठ्यानं वाटेत कुठंतरी लावलीय. मग तो कितीही गळा काढू दे, "शेठ, पंक्चर हो गया था!" पंक्चर कसलं डोंबलाचं! (एकाचं तर मालेगावच्या अलीकडे दुसरं बिऱ्हाडच निघालं!)

तर आमच्या वैशालीला न्यूयॉर्कचं स्थळ आलं. मुलगा अमोल, इंजिनीअर. वडील भिवंडीत मास्तर. वैशालीला मुलगा मनापासून आवडला होता, तिची आई तर हुरळूनच गेली होती. सुपारी फोडायला पाहुणे आले, पोहे झाले, सुपारी ताटात आली. मी आपलं सहज विचारलं,

"तिकडं जायला वेळ किती लागतो?"

"जाताना रात्री अकराला मुंबईहून निघालो, पहाटे पाचला न्यूयॉर्क," अमोल म्हणाला.

"लांब किती हाय?"

"साडेबारा हजार किलोमीटर."

सहा तासांत! माझी रिकामी गाडी तेवढ्या वेळात धुळं गाठताना धापा टाकते!

"आणि आता येताना?"

"शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघालो, शनिवारी रात्री बाराला उतरलो."

तीस तास! माझ्या डोक्यात लाल दिवाच लागला. मी बायकोला खुणेनं आत बोलावलं.

"पोरगा लबाड हाय. वाटेत थांबलाय."

"अवो, विमान हाय ते!"

"म्हणून तर! ट्रकवाला मालेगावला बिऱ्हाड करतो, विमानवाला कुठं करंल, नेम न्हाय!"

तिनं कपाळावर हात मारला. मी तडक बाहेर आलो.

"येताना मधे थांबला व्हतात?"

"हो, लंडनला."

पोरीचं वाटोळं होता होता वाचलं!

"किती वेळ?"

"पाच तास."

"कोणाकडं?"

"विमानतळावरच. दुसरं विमान पकडायचं होतं."

"एकटेच?"

"नाही, अडीचशे माणसं होती."

वैशालीला राहवेना. "बाबा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं!"

"मग दुरुस्त करून घ्यायचं ना! एवढा इंजिनीअर माणूस!"

अमोलनं खाली मान घालून समजावलं, की आपली रात्र तेव्हा त्यांची दुपार असते, आणि जाताना विमान सहा नव्हे, चांगले साडेपंधरा तास उडतं, आणि येताना लंडनच्या थांब्यासकट तीस नव्हे, साडेवीस तास लागतात. मी बोटांवर मोजून बघितलं. मेळ बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं!

मास्तर उठले आणि त्यांनी ताटातली सुपारी उचलली. वैशालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आता ती सुपारी त्यांच्या खिशात जाणार, या भीतीनं मी हात जोडले.

"मास्तर, चुकलो. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

मास्तरांनी सुपारी माझ्या हातात ठेवली. "फोडा. फक्त एक अट आहे. आमचं वऱ्हाड भिवंडीहून किती वाजता निघणार, ते तुम्हाला कळवणार नाही."

मला वाटलं, थट्टा असेल. लग्नाच्या दिवशी अख्ख्या वडप्याला वऱ्हाडाची वेळ ठाऊक होती, आणि मुलीचा बाप सकाळपासून फेटा बांधून हायवेच्या फाट्यावर उभा!