दुसरा सामना व्याह्यांकडे

आमचे व्याही म्हणजे पक्के क्रिकेटवाले. साखरपुड्याच्या दिवशी मी सहज विचारलं, "फुटबॉल बघता का?" तर म्हणाले, "छे हो, बावीस जण एका बॉलच्या मागे, डोकं फिरतं माझं." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, लेक खारघरला गेली तरी फुटबॉल आपल्याकडेच राहणार.

कारण तिला तो नाद मी लावला. तळोज्याहून कंपनीची बस मला जुईनगरला सोडायची आणि मी घरात शिरायच्या आत ही पोरगी टीव्ही लावून तयार. सोफ्यावर आम्ही दोघं, मध्ये शेंगदाणे. रेफरीला शिव्या घालायच्या त्याही जोडीने. बायको म्हणायची, "बाप-लेक दोघं कामातून गेलेत."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा लेकीचा फोन आला. "बाबा, पप्पांना आता ऑफसाइड कळतो!" पप्पा म्हणजे सासरे.

"कोणी शिकवला?"

"मी! टेबलावर चहाचे कप मांडून."

अहो, कप मांडून मी शिकवला होता तिला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाने मात्र "वा वा, छान" म्हणालो आणि फोन ठेवला. बायको हसायला लागली. "व्याह्यांवर जळताय? जरा लाज वाटू द्या." जळतच होतो. त्यात लपवायचं काय?

मग यंदा आपल्या इथला एक क्लब आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत चक्क बाद फेरीत पोचला. समोर आखातातला तगडा क्लब. या फेरीत सामने दोन, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. दोन्हींचे गोल मिळून ज्याचे जास्त तो पुढे, दुसरा घरी. मी लगेच डोकं चालवलं. लेकीला म्हटलं, "आपणही तसंच करू. पहिला सामना माझ्याकडे, दुसरा तुझ्या सासरी. सगळ्यांना घेऊन ये." मनात हिशेब एवढाच, की निदान एक सामना तरी ती माझ्या शेजारी बसून बघेल. एवढंच हवं होतं मला.

संध्याकाळी मंडळी आली. जावयाला फुटबॉलचं काही नाही, तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला. मी सोफ्यावर माझ्या कोपऱ्यात बसणार, तेवढ्यात बायकोने डोळे वटारले. "अहो, व्याह्यांना बसू द्या की तिथे." झालं! वरपक्ष, मानाचे पाहुणे. माझ्याच घरात माझी जागा त्यांना, त्यांच्या शेजारी लेक आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिथून टीव्हीवर नुसती ट्यूबलाइट दिसते. आपल्या क्लबने गोल केला तेव्हा ती दोघं टाळ्या देत होती आणि मी विचारत होतो, "कोणी मारला? कोणी मारला?" नंतर आखातवाल्यांनी बरोबरी केली. व्याही रेफरीला म्हणाले, "आंधळा आहे का हा?" लेक खदाखदा हसली. तो माझा डायलॉग होता हो!

दुसऱ्या सामन्याला मात्र मी खुशीत निघालो. पाहुणा आता मी. मान मला. चांगली जागा मलाच मिळणार.

मिळालीच. व्याही दारापर्यंत घ्यायला आले, हात धरून आत नेलं आणि एसीखालच्या एकट्या ऐसपैस खुर्चीत बसवलं. "तुम्ही इथेच, आरामात." पाठीला उशी दिली. समोर टीव्ही एकदम झकास दिसत होता. आणि लेक? ती खाली सतरंजीवर मांडी घालून, शेजारी सासरे, मध्ये चिवड्याचा वाडगा. दोघांची ती रोजची जागा असावी, बघूनच कळत होतं. माझ्यापुढे वेगळी बशी, वर काजू पेरलेला चिवडा. असा राग आला त्या काजूंचा!

हाही सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्ट्या आल्या. पहिली पेनल्टी मारायला खेळाडू पुढे आला तोच लेक उठली.

"कुठे निघालीस?"

"चहा टाकते ना तुमच्यासाठी."

"अगं पेनल्टी आहे!"

"असू दे हो बाबा. तुम्ही कधी येता?"

पेनल्टी सोडून माझ्यासाठी चहा! माझ्या लेकीने! ती ट्रे घेऊन परत आली तेव्हा माझ्याकडे न बघता सासऱ्यांना विचारलं, "गेला का, पप्पा?" "गेला, गेला! बस लवकर," ते म्हणाले आणि ती धपकन त्यांच्या शेजारी बसली.

मग मला राहवेना. गुडघे गेले खड्ड्यात म्हटलं, कप खाली ठेवला आणि खुर्चीवरून सरळ सतरंजीवर उतरलो. व्याही दचकले. "अहो, हे काय! वर बसा, वर बसा!"

"राहू दे. मला इथेच बसायचंय, लेकीजवळ," मी म्हणालो. चांगलं ठणकावून म्हणालो.

लेकीने वळून बघितलं. डोळे भरले तिचे, खोटं का सांगू. चिवड्याचा वाडगा उचलून माझ्या मांडीवर ठेवला, म्हणाली, "या ना बाबा." आणि मला नीट बसता यावं म्हणून ती थोडी सरकली, सासऱ्यांकडे.