धुक्यावरचा हिरवा रंग

त्या हिरव्या रंगाचा मला आजही संताप येतो.

नागपूरच्या पलीकडे, आमच्या गोरेगावच्या बाहेर, धान कापून झालेल्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, सकाळी धुकं बसतं. त्याचं चित्र मी काढलं होतं. वीस-बावीस दिवस पहाटे स्कूटीवरून जायचं, नुसतं बघायचं आणि घरी येऊन ऑइल कलरमध्ये तो करडा रंग जुळवत बसायचं. करड्यात किंचित जांभळा, तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या जागी पुसटसा पिवळा. बस. मला जे म्हणायचं होतं ते त्या फिकेपणातच होतं. फोटो पाहून नागपूरच्या एका प्रदर्शनात त्याची निवड झाली. आयुष्यात पहिल्यांदा. सोमवारी चित्र पोहोचवायचं होतं.

रविवारी बाजारातून घरी आले, तर बाबा चित्रासमोर ब्रश पुसत उभे. बांध्या हिरव्यागार, आकाश निळंशार. धुक्याचा पत्ता नाही.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. पाटी फिकी पडली की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत वरून एक हात मारून द्यायचा, तोही फुकट, हा त्यांचा रिवाज. फिका रंग म्हणजे त्यांच्या लेखी बेअब्रू.

"हे काऊन केलं?" मी किंचाळलेच.

"रंग उडला होता ना पोरी त्याचा. नागपूरचे लोक नावं ठेवतीन, म्हणून एक हात मारून देल्लो. चिल्लावून काऊन राहिली?"

"धुकं होतं ते, बाबा!"

"धुक्याचं काय चित्र काढतेस? धुक्यात दिसते काय?"

मी टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन बसले. त्यांचा ऑइल पेंट निघत होता, पण त्याच्यासोबत खालचा माझा ओलसर रंगही निघत होता. मग मी तोंडाला येईल ते बोलले. चार डब्यांपलीकडे जन्मात काही पाहिलंत का, असंही. ते डब्यांची झाकणं लावू लागले. त्याचाही मला राग आला.

पुसत पुसत खालच्या कोपऱ्यात आले. तिथं त्यांनी माझं नाव घातलं होतं. बारीक, सावली दिलेली अक्षरं, एकही रेघ हललेली नाही. माझ्या सबंध चित्रात इतकं नेमकं काहीच नव्हतं. हे मला स्वच्छ कळलं आणि मी आणखीच भडकले.

बाबांच्या देखत मी ते नावही पुसून टाकलं.