एकट्या मुलींना जागा नाही

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी भाड्याने राहते. एका सकाळी ती ऑफिसला निघाली असताना चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये तिला मागून घट्ट धरलं. गणपतीच्या आरतीला पुढे उभे राहणारे, सगळ्यांचे लाडके काका. लिफ्टमध्ये कॅमेरा आहे हे ते विसरले असतील. किंवा असला तरी आपलं काही बिघडत नाही, हे त्यांना ठाऊक असेल.

मी सोसायटीच्या कमिटीत आहे. आम्ही सगळ्यांनी ऑफिसात बसून ते फुटेज पाहिलं. खजिनदारांनी पुन्हा लावायला सांगितलं. म्हणे, नीट दिसलं नाही. मग चहा आला. अध्यक्ष म्हणाले, "झालं ते वाईटच. पण त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. पोलिसांची भानगड कशाला?" आणि कप रिकामे व्हायच्या आत उपाय निघाला. यापुढे एकट्या मुलींना फ्लॅट द्यायचा नाही, आहेत त्यांनी जागा सोडायची.

मी म्हटलं, "वा! हात त्यांचा, आणि घर जाणार हिचं."

"ताई, तुम्ही उगीच टोकाला जाता."

अहो, शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. मंडईत पिशवी छातीशी धर, बसमध्ये त्या बाजूला उभी राहू नको. सरकायचं ते बाईनेच. कंटाळा आलाय मला या सगळ्याचा. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो आता कुठून आणू?

संध्याकाळी ती मुलगी दारात उभी. "काकू, मी कंप्लेंट करतेय. कमिटी फुटेज देत नाहीये. तुम्ही पाहिलंय, एवढं सांगायला याल?"

गुडघे दुखत होते. तरी चप्पल घातली.

चौकीत एक तरुण महिला पोलीस होती. तिने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"कमिटीतल्या सगळ्यांनीच पाहिलं."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"एकट्या मुलींना सोसायटीतून काढायचा ठराव लिहितायत."

ती हसली नाही. "फुटेज आम्ही मागवून घेतो," म्हणाली. मग कागद पुढे ओढता ओढता मुलीला म्हणाली, "मलाही एकटी म्हणून कोणी जागा देत नव्हतं. वर्दीत गेले होते तरी." आणि तिने तक्रार लिहायला घेतली.